शाईपेनाची निब: देवनागरी लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निबांविषयीची बरीचशी माहिती रोमन लिपीत लिहिणाऱ्यांनी आपल्या अक्षरावरून लिहिलेली आहे. ती खोटी नाही. पण 'म'ची गाठ शाईने भरून जाणं किंवा शिरोरेषा ओढताना निब कागदात रुतणं, हे त्यांचे प्रश्नच नव्हेत. खालची उत्तरं लिहिताना वाचणाऱ्याचा हात मुख्यतः देवनागरी लिहितो असं धरलं आहे.

पहिलंच शाईपेन घ्यायचं आहे. डोळे झाकून कोणती निब घेऊ?

स्टीलची, फाइन. अक्षर मोठं आणि मोकळं असेल तर मीडियम.

एक्स्ट्रा फाइनच्या मोहात पहिल्या खेपेला पडू नका. बॉलपेनाची सवय असलेला हात दाबून लिहितो, आणि टोक जितकं बारीक तितका तो दाब कागदाला टोचतो. मग शाईपेनं खरखरतातच असं मत करून माणूस ते पेन खणात टाकून देतो. दोन-तीन आठवडे रोज लिहिलं की हात आपोआप हलका होतो. बारीक टोकाकडे तेव्हा वळावं.

एक्स्ट्रा फाइन, फाइन, मीडियम, ब्रॉड म्हणजे नक्की किती मिलिमीटर?

सगळ्या कंपन्यांना बांधून ठेवणारं एकच माप नाही, त्यामुळे ढोबळच सांगता येतं. युरोपीय पेनांत एक्स्ट्रा फाइनची रेघ साधारण ०.४ मिमी, फाइनची ०.५ ते ०.६, मीडियमची ०.७ ते ०.८ आणि ब्रॉडची १ मिमीच्या आसपास भरते. पायलट, सेलर, प्लॅटिनम या जपानी कंपन्यांच्या निबा साधारण एक पायरी बारीक असतात. जपानी मीडियम म्हणजे जवळजवळ युरोपीय फाइन. जपानी लिखाणातल्या कांजी चिन्हांत छोट्याशा चौकोनात दहा-पंधरा रेघा बसवाव्या लागतात, म्हणून त्यांना बारीक टोकाची गरज पडली.

हे आकडेही शाई आणि कागद बदलला की हलतात. एकाच फाइन निबेने एका वहीत लिहिलेलं फाइन दिसतं आणि दुसऱ्या वहीत मीडियमसारखं. म्हणून 'मला अमुक कंपनीची फाइन आवडते' एवढं सांगून भागत नाही. कोणत्या कागदावर, कोणत्या शाईने, हेही सांगावं लागतं.

देवनागरीसाठी वेगळी निब लागते का?

वेगळी निब लागत नाही, पण निवड वेगळी करावी लागते.

आधी गाठींचं पाहू. म, न, भ, ध या अक्षरांत एक इवलीशी गाठ किंवा वळण असतं. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' या जोड्यांतला फरक त्या वळणावर आणि शिरोरेषेतल्या छोट्या खंडावर टिकून असतो. जाड निबेने लहान अक्षर काढलं की खंड बुजतो, गाठ भरते, आणि 'धन' लिहिलेलं 'घन' वाचलं जातं. रोमन लिपीत ब्रॉड निबेने फार तर 'ई' अक्षराचं पोट भरतं. शब्द तरीही ओळखू येतो. आपल्याकडे अर्थच बदलतो.

मग येतात थर. देवनागरी अक्षर एका मजल्यावर राहत नाही. 'कर्तृत्व' लिहा: 'त'च्या डोक्यावर रफार, पायाशी ऋकार. 'सर्वांनी'मध्ये रफार आणि अनुस्वार एकाच कान्याच्या माथ्यावर दाटीवाटीने बसतात. 'राष्ट्र'मध्ये तर खालच्या खाली तीन व्यंजनं. या सगळ्याला ओळीच्या उंचीतच जागा करून द्यायची असल्याने मधल्या मुख्य अक्षराला वाटतं त्यापेक्षा कमी उंची मिळते. ओळींमध्ये ८ मिमी अंतर असलेल्या वहीत मुख्य अक्षर सहसा ३ ते ४ मिमीच भरतं.

यावरून माझा एक अंदाजपंचे नियम आहे. तुमचं नेहमीच्या वेगाने लिहिलेलं पान घ्या, शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची पट्टीने मोजा (वरच्या मात्रा आणि खालचे उकार सोडून), आणि तिला आठने भागा. येईल ती रेघेची जाडी. ४ मिमी उंचीला ०.५, म्हणजे युरोपीय फाइन किंवा जपानी मीडियम. ३ मिमीला ०.४ च्या आत, म्हणजे युरोपीय एक्स्ट्रा फाइन किंवा जपानी फाइन. ६ मिमीला मीडियम सहज चालते. उंची मोजण्यासाठी मुद्दाम सुंदर अक्षर काढू नका. सुंदर काढताना आपण सगळेच मोठं काढतो.

शिरोरेषेची गोष्ट निराळीच. काही जण अक्षरागणिक ती ओढतात, काही शब्द संपल्यावर एका दमात, आणि काही ओढतच नाहीत. शब्द संपल्यावर ओढणाऱ्यांची निब नुकत्याच काढलेल्या ओल्या कान्यांच्या माथ्यावरून जाते. निब सढळ शाई सोडणारी असेल तर प्रत्येक सांध्यावर शाईचा थेंब साचतो आणि कान्यांच्या डोक्यांवर टोप्या घातल्यासारखं दिसतं. अशांनी थोडी कोरडी निब किंवा लवकर वाळणारी शाई घ्यावी. शिरोरेषा न ओढणाऱ्यांना एक पायरी जाड निब बिनदिक्कत चालते.

निब काम कशी करते? भोक कशासाठी असतं?

निब म्हणजे धातूचा वाकवलेला पत्रा. मधोमध चीर पाडून त्याची दोन पाती केलेली असतात आणि टोकाला कठीण धातूचा मणी जोडलेला असतो. चीर टोकाकडे निमुळती होत जाते. अरुंद फटीत द्रव आपोआप ओढला जातो, त्याला केशाकर्षण म्हणतात. फट जितकी अरुंद तितकी ओढ जास्त, म्हणून शाई टोकापर्यंत येऊन थांबते आणि कागदाला टेकताच कागदाचे तंतू तिला पुढे ओढून घेतात. तुम्ही दाबावं अशी निबेची अपेक्षाच नसते.

निबेखालचा काळा भाग म्हणजे फीड. पेनाचं अर्धं शहाणपण तिथे असतं. शाई खाली उतरते तेवढी हवा वर जायला हवी, नाहीतर प्रवाह अडतो आणि मग एकदम डाग पडतो. लुईस वॉटरमन यांच्या १८८४ च्या अमेरिकन पेटंटमधला फीड याच देवाणघेवाणीसाठी होता. फीडच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात, ते जास्तीची शाई धरून ठेवतात.

भोकाचं मुख्य काम चिरेचा शेवट करणं. तिथे ताण साचून पत्रा पुढे फाटू नये म्हणून ती गोल जागा. हवाही तिथून खेळते असं सांगतात, पण भोक नसलेल्या निबाही व्यवस्थित लिहितात. हृदयाच्या आकाराचं भोक दिसायला छान, एवढंच.

टोकावर खरंच इरिडियम असतं का?

पूर्वी असायचं. १८३० च्या दशकात जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी सोन्याच्या निबेला इरिडियम-ऑस्मियमच्या नैसर्गिक मिश्रधातूचं टोक लावलं, आणि तेव्हापासून 'इरिडियम पॉइंट' हा शब्द चिकटला तो चिकटलाच. आजच्या मण्यांत टंगस्टन, रुथेनियम, ऑस्मियम, रेनियम अशा धातूंची मिश्रणं असतात आणि बऱ्याचदा इरिडियमचा कणही नसतो. निबेवर 'इरिडियम पॉइंट जर्मनी' कोरलेलं असेल तर त्यावरून धातूविषयी किंवा दर्जाविषयी काहीच ठरवू नका.

सोन्याची निब स्टीलपेक्षा चांगली लिहिते का?

कागदाला टेकतो तो मणी, सोनं नव्हे. मणी दोन्ही निबांवर साधारण त्याच जातीच्या कठीण धातूचा असतो, त्यामुळे गुळगुळीतपणाचा सोन्याशी थेट संबंध नाही. नीट घासलेली स्टीलची निब घाईत घासलेल्या सोन्याच्या निबेपेक्षा कितीतरी चांगली चालते.

मग सोनं आलं कुठून? जुन्या शाया आम्लधर्मी असत. विशेषतः लोह आणि माजूफळाची शाई साध्या पोलादाला गंजवून खाऊन टाकायची. सोन्याला तिचं काही होत नसे. पण सोनं मऊ, कागदावर झिजायचं, म्हणून टोकाला कठीण मणी आला. पुढे स्टेनलेस स्टील आलं आणि रोजच्या शाईपुरता तो प्रश्न संपला.

निबेवरचे आकडे शुद्धता सांगतात. ५८५ म्हणजे १४ कॅरट, हजारात ५८५ भाग सोनं. ७५० म्हणजे १८ कॅरट, ८७५ म्हणजे २१ कॅरट. ही शेवटची सेलर कंपनीची खासियत. जास्त कॅरट म्हणजे जास्त लवचीक, असं सरसकट धरू नका. लवचीकपणा पत्र्याची जाडी, पात्यांची लांबी आणि खांद्यांचा आकार यांवर ठरतो. खिळ्यासारख्या ताठ १८ कॅरटच्या निबा असतात आणि डुलणाऱ्या १४ कॅरटच्याही.

सोन्यात खरा फरक जाणवतो तो थोड्याशा 'दम खाण्यात': टोक टेकवताना ते किंचित मागे सरतं आणि हाताला बसणारा धक्का मऊ होतो. हे सुख आहे, गरज नव्हे. पहिली तीन पेनं स्टीलची घ्यावीत, आपल्याला कोणती जाडी आणि किती ओल हवी हे पक्कं कळू द्यावं, मग सोन्याकडे पाहावं. उलट्या क्रमाने गेलेल्यांकडे महागडी आणि न वापरलेली पेनं असतात.

टायटेनियमच्या निबाही मिळतात. त्या वाकतात छान, पण जास्त दाबलं तर वाकलेल्याच राहतात.

५ नंबर, ६ नंबरची निब म्हणजे जाड-बारीक का?

नाही. तो निबेच्या अंगाचा आकार झाला, रेघेचा नव्हे. ६ नंबर मोठी, ५ नंबर लहान, आणि दोन्हींत फाइन-मीडियम सगळं मिळतं. बॉक आणि योवो या जर्मन कारखान्यांच्या निबा वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेनांत बसवलेल्या असतात, म्हणून हे आकडे वारंवार कानावर पडतात.

स्टब, इटॅलिक, आर्किटेक्ट: यातली देवनागरीला कोणती शोभते?

साध्या निबेचा मणी गोल असतो, म्हणून रेघ चहूकडून सारखी येते. या निबांची टोकं चपटी. त्यामुळे दिशेप्रमाणे जाडी बदलते.

स्टब आणि इटॅलिकमध्ये उभी रेघ जाड, आडवी बारीक. देवनागरीत याचा अर्थ काना, दंड, इकाराचे दांडे ठसठशीत आणि शिरोरेषा नाजूक. स्टबचे कोपरे गोलसर केलेले असतात, इटॅलिकचे धारदार. वेगाने लिहिणाऱ्याने इटॅलिकच्या वाटेला जाऊ नये, कोपरा कागदात अडकतो आणि 'ह'सारख्या वळणदार अक्षरात तर हमखास. १.१ मिमीचा स्टब सगळीकडे मिळतो, पण वरचा आठाचा नियम लावला तर तो नेहमीच्या अक्षराला जाडच आहे. पत्राचा मायना, पाकिटावरचं नाव, शीर्षकं यांना छान. रोजच्या टिपणांना ०.६ ते ०.८ चा स्टब घासून घेतलेला मिळाला तर सोनं.

आर्किटेक्ट निबेत उलटं: आडवी जाड, उभी बारीक. शिरोरेषा तुळईसारखी भरभक्कम येते आणि त्याखाली अक्षरं टांगल्यासारखी दिसतात. मला हे रूप स्टबपेक्षा जास्त आवडतं, पण हे ज्याच्या त्याच्या डोळ्यांवर. तोटा असा की पेन कागदाशी नेहमी एकाच कोनात धरावं लागतं.

आता थोडं विषयांतर, पण महत्त्वाचं. बोरूने काढलेल्या पारंपरिक देवनागरीचं वळण या दोन्हींपैकी कोणतीच निब हुबेहूब देत नाही. देवनागरीसाठी बोरू तिरका कापतात आणि तो काप रोमन सुलेखनाच्या टोकाच्या उलट्या बाजूला झुकलेला असतो. त्यामुळे आपल्या अक्षरात खालून डावीकडून वर उजवीकडे जाणारा तिरपा फटकारा सर्वांत जाड येतो. रोमन अक्षरात नेमका दुसरा तिरपा जाड असतो. उजव्या हातात सहज धरलेला स्टब रोमन वळण देतो. 'श्री' काढून पाहा, काहीतरी परकं वाटेल. पेन बोटांत थोडं फिरवून, टोकाची धार डाव्या वरच्या कोपऱ्याकडून उजव्या खालच्या कोपऱ्याकडे झुकवली की वळण जुळतं. सुलेखनासाठी पायलटचं पॅरलल पेन याला सोयीचं पडतं. त्यात निबेऐवजी दोन सपाट पट्ट्या असतात, त्यामुळे बोटांत फिरवलं तरी कुरकुरत नाही. १.५, २.४, ३.८ आणि ६ मिमी अशा रुंदींत ते मिळतं.

वर वाकवलेलं टोक असलेली फुदे निबही एकदा हाताळून पाहावी. पेन उभं धरलं तर बारीक, आडवं झुकवलं तर कुंचल्यासारखी जाड रेघ. चित्रं काढणाऱ्यांची ती लाडकी.

फ्लेक्स निब घ्यावी का?

फ्लेक्स निबेची पाती दाबलं की फाकतात आणि रेघ जाड होते, सोडलं की पुन्हा बारीक. चित्रफितीत हे जादूसारखं दिसतं. त्या अक्षरांचं सारं सौंदर्य तिरक्या, जोडून लिहिलेल्या रोमन लिपीसाठी घडलेलं आहे: वर जाताना केसासारखी बारीक रेघ, खाली येताना जाड. देवनागरीत पेन वारंवार उचललं जातं आणि आडव्या रेघेला दाब देऊन उपयोग नाही, कारण पाती बाजूला फाकतात आणि आडव्या दिशेने जाडी वाढतच नाही. म्हणजे काने फुगवता येतील, शिरोरेषा नाही.

माझी पहिली फ्लेक्स निब आठ दिवस टिकली. 'ॐ' काढताना पोटाच्या वळणावर जोर दिला, पाती फाकली, शाई मधून तुटून रेल्वेच्या रुळांसारख्या दोन समांतर रेघा उमटल्या, आणि आणखी दाबलं तर काम होईल या समजुतीने मी आणखी दाबलं. पाती परत जुळलीच नाहीत. रूळ दिसले की थांबायचं, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून सांगतोय. दाबाचा खेळ शिकायचाच असेल तर टाकाच्या सुट्या निबांवर शिका. मोडली की दुसरी लावता येते.

जपानी पेनांवर 'सॉफ्ट' लिहिलेली निब म्हणजे फ्लेक्स नव्हे. ती फक्त मऊ बसते.

नवी निब खरखरते. बदलून घेऊ की घासू?

आधी काहीच करू नका. पेन कोमट पाण्याने धुवा (कारखान्यातलं तेल चिरेत राहिलेलं असतं), दुसरी शाई भरा, चांगल्या कागदावर लिहा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

मग खरखर कुठल्या दिशेला होते ते पाहा. मोठे आडवे आठ काढा. सगळ्याच दिशांना सारखी, बारीक, पेन्सिलीसारखी जाणीव होत असेल तर तो दोष नव्हे, निबेचा पोत आहे. जपानी बारीक निबांत तो मुद्दाम ठेवलेला असतो आणि अनेकांना हवाहवासा वाटतो. पण एकाच दिशेला ओरखडत असेल तर बहुधा दोन पाती वरखाली झालेली आहेत. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून निब समोरून पाहा. मण्याचे दोन अर्ध एका पातळीत दिसायला हवेत. एक वर असेल तर ते पातं नखाने हलकेच खाली दाबून काही सेकंद धरा, सोडा, पुन्हा पाहा. असं चार-पाचदा. जोर लावायचा नाही.

पाती जुळलेली असूनही बोचत असेल तरच घासण्याचा विचार. मायक्रोमेशचा (अतिशय बारीक घासकापडाचा) १२००० नंबरचा तुकडा घ्या, निबेत शाई असू द्या, स्वतःचं नाव पाच वेळा लिहा आणि थांबून कागदावर तपासा. मणी घासून कमी होतो, परत वाढत नाही. गुळगुळीत करण्याच्या नादात मण्याच्या आतल्या कडा गोल झाल्या तर पुढच्या प्रश्नातला आजार जडतो.

पेन टेकवलं तरी पहिला दांडा उमटत नाही. असं का?

पहिला फटका कोरडा आणि मग व्यवस्थित, असं सतत होत असेल तर चिरेच्या दोन्ही बाजूंच्या आतल्या कडा प्रमाणाबाहेर गोल झालेल्या असण्याची शक्यता मोठी. शाई त्या खाचेत आत राहते, कागदाला टेकतच नाही. दाबलं की टेकते. असली निब बोटाला लोण्यासारखी लागते आणि लिहिताना छळते. देवनागरीत हा दोष जास्त बोचतो, कारण पेन सारखं उचललं जातं आणि प्रत्येक अनुस्वार म्हणजे नवी सुरुवात. 'आंबा' लिहिलेला 'आबा' होतो. यावर उपाय मणी पुन्हा थोडा सपाट करण्याचा. ते जाणत्याकडून करून घ्यावं किंवा निब बदलून घ्यावी.

लिहिता लिहिता मध्येच शाई तुटत असेल तर कारण वेगळं: फीडमध्ये वाळलेली शाई, चिरेत अडकलेला कागदाचा तंतू, किंवा कागदावर हाताचा तेलकटपणा. पान खाली खाली जाताना पेन बिघडत जातं असं वाटलं तर हाताखाली एक कोरा कागद ठेवून पाहा. खूप जणांचं पेन एवढ्याने बरं होतं.

शाई कागदावर फुटते, पानामागे उमटते. निब बदलू का?

आधी कागद, मग शाई, शेवटी निब. शोषक कागद असेल तर कोणतीही ओली निब फुटणारच. पाठपोट लिहायचं असेल आणि कागद बदलणं हातात नसेल तेव्हा मात्र बारीक, कोरडी निब कामाला येते: शाई कमी उतरते, म्हणून पसरतेही कमी. चकाकीचे कण असलेल्या शाया बारीक निबांत भरू नयेत, चीर तुंबते. टाकाने किंवा कुंचल्याने वापरायची लाखयुक्त चित्रशाई शाईपेनात कधीच नाही, ती फीडमध्ये वाळली की पेन गेलं.

मी डावखुरा आहे. माझ्यासाठी वेगळी निब असते का?

लामी कंपनी 'एलएच' (लेफ्ट हँड, म्हणजे डावा हात) नावाची निब देते, इतरही काही देतात. ती सक्तीची नाही. उजवा हात निब ओढत नेतो, डावा ढकलत नेतो. ढकलताना बारीक टोक कागदात रुतण्याचा धोका जास्त. देवनागरीत तर शिरोरेषा ही सर्वांत लांब रेघ, आणि ती डाव्या हाताने पूर्णपणे ढकलूनच ओढावी लागते. म्हणून गोल मण्याची, ताठ, फाइन ते मीडियम निब घ्या. एक्स्ट्रा फाइन, इटॅलिक आणि फ्लेक्स टाळा. ओळीच्या खालून हात ठेवून लिहीत असाल तर डागांचा प्रश्न बराच सुटतो. हात वरून वळवत असाल तर निबेपेक्षा लवकर वाळणारी शाई जास्त महत्त्वाची.

पेन दुसऱ्याच्या हातात दिलं की निब बिघडते, हे खरं का?

चार ओळींनी मणी झिजत नाही, तो त्यासाठी फारच कठीण असतो. 'निब हाताला बसते' याचा मोठा भाग असा की हात निबेला बसतो. खरा धोका दाबाचा आहे. बॉलपेनाच्या सवयीने कोणी जोरात सही ठोकली तर पाती फाकू शकतात. त्यामुळे पेन द्यायला हरकत नाही, पण देताना टोपण स्वतःकडे ठेवावं. पेन परत येतं, हा त्याचा आणखी एक फायदा.

निब घरी बदलता येते का?

पेनावर अवलंबून. लामी सफारीसारख्या पेनांची निब सरळ पुढे ओढून निघते. निबेवर चिकटपट्टी लावून ओढली तर पकड चांगली मिळते. बऱ्याच पेनांत निब आणि फीडचा एकत्र भाग आट्यांनी फिरवून निघतो, पण बॉक आणि योवोचे आटे एकमेकांत बसत नाहीत, हे मागवण्याआधी लक्षात घ्या. काहींत निब-फीड नुसतेच घट्ट खोचलेले असतात. ते रबराच्या तुकड्याने धरून सरळ ओढायचे, पिळायचे नाहीत. पार्कर ५१ सारखी झाकलेली किंवा पेनाच्या अंगात जडवलेली निब घरी उघडू नये.

विकत घेण्याआधी निब कशी तपासावी?

दुकानात लोक सही करतात किंवा गोल गोल गिरगटतात. त्याने काहीच कळत नाही, कारण सही आपण सर्वांत वेगाने आणि बेफिकिरीने करतो. स्वतःची वही सोबत न्या. बसून लिहा, उभ्याने नको. आधी निब समोरून उजेडात धरा: पाती सारखी, चीर टोकाकडे निमुळती, भोकातून मध्यभागी गेलेली हवी.

मग नेहमीच्या आकारात 'घन, धन, भरभर, ममता, कर्तृत्व, राष्ट्र, सर्वांनी' लिहा. गाठी मोकळ्या राहतात का, 'ध'चा खंड दिसतो का, पाहा. अनुस्वाराचे दहा ठिपके नुसते टेकवून द्या, दाब न देता. दहाच्या दहा उमटायला हवेत. एका लांब शब्दावर एका दमात शिरोरेषा ओढा, ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी यायला हवी. शेवटी पेन उघडंच ठेवून दोन मिनिटं दुकानदाराशी गप्पा मारा आणि पुन्हा एक ठिपका टेकवा. तो उमटला तर पैसे द्या.